पार्मिजानो रेज्जानो: निवडावे कसे, किती खावे, कसे ठेवावे

पार्मेझान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चीजचे मूळ रूप म्हणजे उत्तर इटलीतील पार्मिजानो रेज्जानो. पार्मा, रेज्जो एमिलिया व मोदेना हे प्रांत आणि बोलोन्या व मान्तोव्हा यांचा काही भाग, एवढ्याच टापूत ते तयार होते. युरोपीय संघाने १९९६ मध्ये या नावाला संरक्षण दिले. संघाबाहेर मात्र ‘पार्मेझान’ म्हणून दुसरीही चीज विकली जातात. म्हणून विकत घेताना आधी चीजची बाहेरची साल पाहावी. तिच्यावर ठिपक्यांच्या अक्षरांत पूर्ण नाव उमटवलेले असते आणि लहानशा तुकड्यावरही त्यातली दोन-चार अक्षरे दिसतात. किसलेल्या पाकिटात ही खूण राहत नाही, शिवाय किसल्यावर सुगंध झपाट्याने उडतो. त्यामुळे तुकडाच घ्यावा आणि आयत्या वेळी किसावा, असा माझा आग्रह आहे.

यात दूध, मीठ आणि दूध गोठवणारे रेनेट याखेरीज काहीही घातलेले नसते. हे रेनेट वासराच्या जठरातून मिळवलेले असते, त्यामुळे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांसाठी हे चीज नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

ते किमान १२ महिने मुरवावे लागते. कोवळ्या चीजला दुधाची गोडसर चव असते, तर २४ महिन्यांच्या पुढे ते रवाळ व ठिसूळ होते आणि चव खोल होत जाते. अशा चीजचा तुकडा सुरीने कापण्याऐवजी मोडला, तर खडबडीत पृष्ठभागावर पांढरे कण दिसतात आणि दाताखाली ते कुरकुरतात. ते मीठ नव्हे की बुरशीही नव्हे. मुरताना प्रथिनांचे विघटन होऊन सुटलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे ते स्फटिक असतात. दुधातील लॅक्टोज ही साखर तर पहिल्या काही दिवसांतच जिवाणू संपवतात, त्यामुळे लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना हे चीज सोसते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र ते टाळावे.

एक किलो चीजसाठी सुमारे १४ लिटर दूध लागते. पोषण इतके दाटलेले असते ते त्यामुळेच. १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० किलोकॅलरी, ३२ ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ११५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. स्निग्ध पदार्थांपैकी दोन तृतीयांश संपृक्त असतात, आणि मीठही दीड ग्रॅमहून अधिक भरते. म्हणून एका वेळी २५ ते ३० ग्रॅम पुरे; तेवढ्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पदार्थावर ते किसून घालायचे असेल, तर मीठ आधी कमी टाकावे आणि चव पाहून मगच वाढवावे.

उरलेला तुकडा कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. साल फेकू नये. तिच्यावर मेणाचा थर नसतो, ती सुकून कडक झालेले चीजच असते. वरून खरवडून, धुऊन ती भाज्यांच्या सूपमध्ये उकळत ठेवली, की मऊ पडते आणि सूपला दाट, खमंग चव येते.