अमेरिकी खेळाडूंचा सामाजिक प्रभाव वादसभेत कसा मांडावा

साताऱ्यातील एखाद्या महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत 'अमेरिकेच्या इतिहासावर सर्वाधिक सामाजिक प्रभाव कोणत्या खेळाडूचा?' हा विषय आला, तर प्रथम पदकांची यादी बाजूला ठेवावी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे १९५२ सालचे हेलसिंकीतील कांस्यपदक आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. पण अभिमान आणि समाजातील बदल या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या श्रोत्यांना याच उदाहरणाने चटकन उमगते.

त्यानंतर प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा: त्याच्या कृतीने कोणता नियम वा रूढी बदलली? कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि मेजर लीग बेसबॉलमधील वर्णभेदाची अनेक दशकांची भिंत फुटली. अमेरिकी सैन्यातील भेदभाव संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८ मध्ये निघाला खरा, परंतु तो रॉबिन्सन यांच्यामुळेच निघाला असे म्हणू नये. आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही, आणि प्रतिपक्ष नेमके तिथेच बोट ठेवतो.

मुष्टियोद्धे मुहम्मद अलींची बाजू घेणाऱ्याने १९६७ मधील सैन्यभरतीस नकार, हिरावलेले विजेतेपद आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली शिक्षा हा क्रम सांगून, त्यांनी मोजलेल्या किमतीवर भर द्यावा. टाळ्या बहुधा इथेच मिळतात. माझा कौल मात्र टेनिसपटू बिली जीन किंग यांना आहे, कारण १९७३ मध्ये यूएस ओपनने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले, त्यामागे त्यांचा आग्रह होता.