‘अग्निरोधक’ म्हणजे न जळणारं नव्हे. खरेदीत आणि कोटेशनमध्ये या चुका टाळा

सोसायटीच्या दुरुस्तीची किंवा घरातल्या फर्निचरची कोटेशनं चाळली की ‘अग्निरोधक’ हा शब्द हमखास भेटतो. दरवाजा अग्निरोधक, वायर अग्निरोधक, प्लाय अग्निरोधक, पडदेसुद्धा अग्निरोधक. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली चूक म्हणजे ‘रोधक’चा अर्थ ‘न जळणारा’ असा घेणं. रोधक म्हणजे अडवून धरणारा, तोही ठरावीक वेळ. भिंत किंवा दरवाजा तपासताना तो भट्टीला लावतात. भट्टीचं तापमान पाचव्या मिनिटाला ५७६ अंश सेल्सिअस आणि तासाभरात ९४५ च्या आसपास जाईल असं ठेवतात. मग बघतात, वस्तू जागेवर टिकते का, ज्वाळा पलीकडे निघते का आणि पलीकडची बाजू किती तापते. म्हणून अग्निरोधाचं माप मिनिटांत असतं: ३०, ६०, १२०. दरवाजाच्या कोटेशनमध्ये मिनिटांचा आकडा नसेल तर तो शब्द जाहिरातीचा समजा.

उलट बाजूही लक्षात घ्या. पोलादी तुळई पेटत नाही, तरी साडेपाचशे-सहाशे अंशांना तिची ताकद निम्म्यावर येते. म्हणजे ती अदाह्य आहे, पण उघडी ठेवली तर फारशी अग्निरोधक नाही. जाड सागवानी दार मात्र जळतं, वरून कोळसा होत जातं आणि तरीही बराच वेळ आग अडवतं.

वायरच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच. गुंडाळीवर ‘एफआर’ (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे ज्वाळा पसरू न देणारं) असतं आणि दुकानदार सांगतो, ‘आग लागली तरी काही होत नाही.’ होतं! एफआर वायरचं आवरण स्वतःहून जळत राहत नाही, इतकंच. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि आवरणाचं हे पीव्हीसी प्लास्टिक पेटतं ठेवायला किमान २९ टक्के लागतो. त्यामुळे ज्वाळा बाजूला केली की ते विझतं. पण ज्वाळेत धरलेलं असेपर्यंत ते जळतं, काळा धूरही सोडतं. ‘एफआरएलएस’मध्ये (एलएस म्हणजे लो स्मोक) धूर कमी. आगीतही वीज चालू ठेवणारी केबल हा तिसराच प्रकार. तिच्यात तांब्याभोवती अभ्रकाची पट्टी असते आणि साडेसातशे अंशांच्या ज्वाळेत दीड तास चालण्याची तिची चाचणी होते. फायर पंपाला ही केबल हवी. तिथे साधी एफआर ओढून बिल मात्र ‘अग्निरोधक केबल’चं लावलं जातं, कारण शब्द दोन्हीला चालतो.

प्लायचं थोडक्यात: आयएस (भारतीय मानक) ७१० हा शिक्का पाण्यासाठी आहे. आगीसाठी आयएस ५५०९ बघा. तोही प्लाय जळतोच, फक्त उशिरा पेटतो आणि आग हळू पसरवतो.

कापडावरचा लेप हा कायमचा गुण नव्हे. मंडपाच्या कापडासाठी अमोनियम सल्फेट, बोरॅक्स, बोरिक आम्ल आणि तुरटी पाण्यात विरघळवून ते द्रावण वापरतात. हे सगळे क्षार पाण्यात विरघळणारे. गणपतीच्या दिवसांत भाद्रपदाची एक जोरदार सर आली की लेप वाहून जातो आणि फलकावरचं ‘अग्निरोधक मंडप’ तेवढं उरतं. पडदा तसाच लेप दिलेला असेल तर धुतल्यावर पुन्हा लेप द्यावा लागतो.

भाषेतली एक चूक सोसायटीच्या इतिवृत्तातही दिसते: ‘अग्निरोधक सिलिंडर भरून घेणे.’ लाल सिलिंडर तो अग्निशामक, म्हणजे आग विझवणारा. आणि ‘आग प्रतिबंधक’ म्हणजे आग लागूच नये म्हणून केलेले उपाय. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमाच्या नावात हाच शब्द आहे. त्याच कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. हे तीन शब्द कामाच्या आदेशात एकमेकांच्या जागी गेले, तर ठेकेदार स्वस्तातला अर्थ निवडतो.

शेवटी चांगलं सामान आणून त्याची वाट लावण्याचे प्रकार. जिन्याचा फायर डोअर चौकट, बिजागऱ्या आणि क्लोजरसकट (दार आपोआप बंद करणारा दांडा) तपासलेला असतो. त्याला नंतर भोक पाडून साधं कुलूप बसवलं किंवा काच फुटल्यावर साधी काच लावली, तर ते १२० मिनिटांचं प्रमाणपत्र कागदापुरतं. चौकटीच्या खाचेतली काळी पट्टी कचरा समजून रंगारी उपटून टाकतात. आगीत फुगून फट बंद करणारी तीच ती. क्लोजर बिघडला म्हणून दाराखाली वीट सारली, तर धुराला जिना मोकळा मिळतो. डक्टमध्ये (केबल-पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत) केबलभोवतीची भोकं पिवळ्या साध्या फोमने बुजवू नका. तो फोम स्वतःच पेटतो. अग्निरोधक सीलंट मागा आणि त्याच्याही डब्यावर मिनिटं शोधा.