बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट ३५०: या चुका टाळा

७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि जड फ्लायव्हील. बुलेटची ती संथ धडधड इथूनच येते. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, टाकीपुढे अँमीटर (बॅटरीचा करंट दाखवणारा मीटर); सगळंच इतकं उघडं आणि साधं, की प्रत्येकाला पाना घ्यावासा वाटतो. नुकसान तिथेच सुरू होतं.

अर्धवट किक. चावी चालू करा. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असतील तर अँमीटरचा काटा उणेकडे झुकतो. किक हळूहळू दाबत न्या. पाय अडला आणि काटा मध्यावर आला, की थांबा. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक किंचितच पुढे सरकवा, म्हणजे पिस्टन वरचं टोक ओलांडतो. लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग तळापर्यंत एकच सलग किक. अर्ध्या किकेत फ्लायव्हीलला वेग मिळत नाही, ठिणगी मात्र पडते, आणि पिस्टन मागे फिरून घोट्याचा समाचार घेतो.

नीट मारूनही किक उलटी बसत असेल तर पॉइंट बघा. पूर्ण उघडल्यावर गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे जातं, ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. उलट क्रमाने केलं तर दोन्ही परत करावं लागतं. आणि रेस सोडल्यावर आयडलिंग खाली येत नसेल तर कार्बोरेटरचे स्क्रू पिळण्याआधी ॲडव्हान्स युनिटची (वेगानुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाची) वजनं अडकलीत का, स्प्रिंगा सैल पडल्यात का ते तपासा.

टॅपेट आवळून ठेवणं. टकटक बंद करायची म्हणून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं सेटिंग) घट्ट करणं ही सर्वांत महागडी चूक. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, गरम गाडी चालू होत नाही, शेवटी व्हॉल्व्ह जळतो. सेटिंग थंड इंजिनावरच, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी मोकळा फिरावा, पण वर-खाली अजिबात हलू नये. लॉकनट आवळताना सेटिंग सरकतं; आवळून झाल्यावर पुन्हा फिरवून बघा. या इंजिनाची थोडी टकटक चालायचीच.

उभ्या गाडीचं ऑइल बघणं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल झिरपत क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कप्प्यात) उतरतं. पातळी बघायची काडी कोरडी दिसते, मालक आणखी ऑइल ओततो, मग निळा धूर आणि ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा सोडणाऱ्या नळीतून) गळती. गाडी काही मिनिटं चालवा, बंद करा आणि मगच पातळी पाहा.

ऑइल फिल्टर बदलल्यावर त्याच्या कप्प्यात २०डब्ल्यू५० ऑइल भरूनच झाकण लावा. कप्पा रिकामा राहिला तर तो भरेपर्यंत बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) कोरडाच फिरतो.