स्ट्रॅटेजी गेममध्ये आपला स्नायपर लपवायचा कसा आणि समोरच्याचा हुडकायचा कसा

नवीन खेळणाऱ्याचा स्नायपर बहुतेक वेळा एकाच कारणाने जातो, तो दिसत नाही म्हणजे आता त्याला काही होत नाही असं धरलेलं असतं. पण स्नायपर मरतो तो गोळी झाडल्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत. ते सेकंद कसे काढायचे हे एकदा हातात बसलं की लपवणंही जमतं आणि शोधणंही, कारण समोरचाही त्याच सेकंदांत सापडतो.

आधी नियम समजून घ्या. प्रत्येक गेममध्ये स्टेल्थ, म्हणजे युनिटचं लपणं, वेगळं चालतं आणि इथेच घोळ होतो. कमांड अँड कॉन्कर जनरल्स (२००३) या एकाच गेममध्ये दोन तऱ्हा आहेत, अमेरिकेचा स्नायपर पाथफाइंडर एका जागी थांबला तरच अदृश्य, पाऊल उचललं की दिसला, आणि जीएलए या तिसऱ्या बाजूचा स्नायपर जार्मेन केल चालतानाही दिसत नाही, गोळी मारली की मात्र उघडा पडतो. स्टारक्राफ्टचा घोस्ट एनर्जी जाळून क्लोक, म्हणजे अदृश्य, होतो, एनर्जी संपली की संपलं. कमांडोज (१९९८) मध्ये तर अदृश्य होणं हा प्रकारच नाही, शत्रूच्या नजरेचा हिरवा पट्टा दिसतो, त्यातल्या जवळच्या फिकट भागात तुम्ही कसेही असा पकडले जाणारच, लांबच्या गडद भागात सरपटत गेलात तर निभावतं. म्हणून युनिटचं वर्णन नीट वाचा आणि एक मॅच कॉम्प्युटरविरुद्ध फक्त हेच बघायला खेळा, कधी दिसतो, कधी नाही.

होल्ड फायर, म्हणजे सांगितल्याशिवाय गोळी न झाडण्याचा हुकूम, लावायची सवय करा. ज्या गेममध्ये हे बटण आहे तिथे स्नायपर जागेवर पोहोचेपर्यंत ते चालू ठेवाच, नाहीतर वाटेत कुणीतरी किरकोळ सैनिक दिसला की तो आपणहून गोळी मारतो आणि एवढी मेहनत करून आणलेली जागा फुकट जाते.

त्याला डोळे द्या. बऱ्याच गेममध्ये स्नायपरची बंदूक जिथवर पोहोचते तिथवर त्याला स्वतःला दिसत नाही. एक्सकॉम एनिमी अननोन (२०१२) मध्ये स्क्वॉडसाइट नावाची क्षमता घेतली की टीममधल्या कुणालाही दिसणाऱ्या शत्रूवर स्नायपर लांबून मारू शकतो, बाकी गेममध्ये हेच काम आपण हाताने करायचं, एखादं स्वस्त युनिट पुढे आडोशाला ठेवायचं आणि स्नायपर त्याच्या बराच मागे. खऱ्या युद्धातही स्नायपरसोबत स्पॉटर, म्हणजे लक्ष्य शोधून देणारा साथीदार, असतो आणि कंपनी ऑफ हीरोज २ (२०१३) आला तेव्हा त्यातला सोव्हिएत स्नायपर दोघांची जोडी म्हणूनच होता, मला ती गोष्ट फार आवडली होती. त्या गेममध्ये भिंत, धूर, दाट झुडपं यांच्या पलीकडचं दिसत नाही, तेव्हा जागा निवडताना रेंजपेक्षा मध्ये काय आहे ते आधी बघा.

मारा आणि सरका. एक गोळी, फार तर दोन, की जागा बदला. सरळ मागे पळू नका, समोरचा त्याच रेषेत पाठलाग करतो, आडवे सरका. आणि परतीची वाट गोळी मारायच्या आधी ठरवलेली असू द्या, नंतर शोधत बसलात तर उशीर झालेला असतो.

आता उलटी बाजू. समजा कंपनी ऑफ हीरोजच्या पहिल्या भागात तुमची एमजी ४२ या जर्मन मशीनगनची तिघांची टीम रस्ता धरून बसली आहे, आजूबाजूला शत्रू दिसत नाही आणि अचानक एक जण कोसळतो. घाबरून लगेच टीम उचलू नका. तो कुठल्या बाजूने पडला, आवाज कुठून आला, त्या बाजूला आडोसा कुठे आहे एवढं बघा, स्नायपरला पुढची गोळी मारायला वेळ लागतो आणि तोच वेळ तुमचा आहे. तेवढ्यात मोटरसायकल त्या आडोशाकडे सोडा, ती लपलेला स्नायपर उघडा करते, अमेरिकन बाजूने खेळत असाल तर हेच काम जीप करते. फक्त एकटी पाठवू नका! तिच्या मागे इन्फंट्री हवी, कारण स्नायपर नुसता दिसून उपयोग नाही, त्याला मारणारं कुणीतरी तिथे पोहोचलं पाहिजे.

डिटेक्टर, म्हणजे लपलेल्याला उघडं पाडणारं युनिट, कोणता ते आधीच माहीत हवं. जनरल्समध्ये पाथफाइंडर स्वतः लपलेल्यांना शोधतो, झीरो अवर या त्याच्या विस्तारात चीनकडे लिसनिंग आउटपोस्ट आहे, अमेरिकन गाड्यांवर स्काउट ड्रोन बसवता येतो. स्टारक्राफ्टमध्ये टेरन या बाजूचा एक स्कॅन, ज्यात त्या जागेवरचं लपलेलं दिसतं, ५० एनर्जी खातो, तेव्हा संशय आला म्हणून उडवू नका, सैन्य जवळ पोहोचल्यावर मारा. तिथे क्लोक झालेलं युनिट चालताना जमिनीवर हवा थरथरल्यासारखी दिसते, सवयीच्या डोळ्याला ते कळतं.

डिटेक्टर नसेल तर अंदाजावर मारा. अदृश्य युनिटवर नेम धरता येत नाही पण मॉर्टर, ग्रेनेड, तोफ यांना जमिनीवर मारायला सांगता येतं, स्टारक्राफ्टमध्ये सायॉनिक स्टॉर्म हा एका जागेवर करायचा मारा क्लोक झालेल्यालाही भाजतो आणि ईएमपी हा मारा घोस्टची एनर्जीच काढून घेतो. मारताना गोळी आली त्या जागेवर मारू नका, चांगला खेळाडू तिथून एव्हाना सरकलेला असतो, शेजारचा आडोसा धरा.