स्लेटचं छप्पर आणि माझे घट्ट खिळे

शेडवर स्लेट, म्हणजे दगडाच्या पातळ पाट्या, स्वतःच बसवायची ठरवली तेव्हा वाटलं, कौलं रचण्यासारखंच असेल. तसं नाही. स्लेटला खाच नसते. पाणी अडतं ते केवळ थरांमुळे. प्रत्येक पाटी लगतच्या ओळीवर तर येतेच, तिच्याही खालच्या ओळीवर थोडी चढते. माझ्या पाट्या ५०० मिमी लांबीच्या, हा चढाव ७५ मिमी धरला. ५०० वजा ७५, भागिले दोन: रिपांमधलं अंतर साधारण २१२ मिमी. एवढं गणित जमलं की पुढचं सोपं, असं समजलो.

मग खिळे ठोकले. चांगले घट्ट. पहिल्याच दुपारी सात पाट्या तडकल्या! पाटी खिळ्यावर टांगलेली हवी, आवळलेली नाही. खिळ्याचं डोकं भोकात जेमतेम टेकलं की हातोडी थांबवायची. खिळे तांब्याचेच, साधे लोखंडी पाटीच्या कितीतरी आधी गंजतात.

तडकलेल्या पाट्यांचे खिळे लांब पात्याच्या आकड्याने आतल्या आत तोडले. पण वरची ओळ आड येते, त्यामुळे नव्या पाटीला खिळा मारायला जागाच उरत नाही. म्हणून खालच्या दोन पाट्यांच्या फटीतून रिपेला तांब्याची पट्टी ठोकली, पाटी वर सरकवली आणि पट्टीचं टोक तिच्या कडेवर वळवलं.

आता प्रत्येक पाटी आधी बोटाने वाजवतो. खणखणली तर छपरावर, बद्द वाजली तर बाजूला.