घराच्या कामाला ठेकेदार लावताय? या चुका टाळा

ठेकेदाराने फसवलं ही तक्रार काम संपल्यावर होते, पण फसगत झालेली असते ती कोटेशनच्या कागदावर. "बाथरूम, मटेरियलसह, एकरकमी" एवढ्या एका ओळीवर काम सुरू करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

जुन्या सोसायटीतल्या बाथरूमचं ठरलेलं रडगाणं बघा. तीन कोटेशनं येतात, सर्वांत कमी आकड्याला होकार जातो. आकडा कमी असतो, कारण जुनी फरशी फोडणं, राबिट (फोडकामाचा राडारोडा) उतरवणं आणि वॉटरप्रूफिंग त्यात धरलेलंच नसतं. मिस्त्री जुन्या लादीवरच नवी टाइल चिकटवतो. आठवड्यात बाथरूम चकाचक! खाली नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा, जुना सांधा मात्र तसाच झिरपत राहतो. काही महिन्यांत खालच्या घराच्या छताला ओल येते, पोपडे सुटतात आणि नवीकोरी टाइल फोडायची वेळ येते. ठेकेदार म्हणतो, "वॉटरप्रूफिंग आपल्यात ठरलंच नव्हतं." कागद काढून बघावा, तर तो खरंच बोलत असतो.

फोडकाम, राबिट, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल, फिटिंग यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगपुढे स्पष्ट लिहा: दोन कोट, भिंतीवर किमान एक फूट चढवून, नंतर ट्रॅप बंद करून 48 तास पाणी भरून ठेवणं. पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करा आणि खालच्यांचं छत स्वतः जाऊन बघा. दोन दिवस थांबायचा कंटाळा करणाऱ्यांनी बाथरूमला हात न लावलेला बरा.

दुसरी चूक, निम्मे पैसे आगाऊ देणं. पैसे पोचले की कारागीर दुसऱ्या साइटवर पळतात. हप्ते असे पाडा: सुरुवातीला 10 टक्के, फोडकाम-प्लंबिंग झाल्यावर 25, पाण्याची चाचणी पार पडल्यावर 25, टाइल-फिटिंगनंतर 30, आणि उरलेले 10 महिनाभर वापरून झाल्यावर. शेवटचे 10 टक्के मागे ठेवायला जो नकार देतो, त्याला काम देऊ नये.

ठेकेदाराच्या मोबाइलमधल्या फोटोंवर भाळू नका. त्याने केलेलं, एक पावसाळा काढलेलं घर बघायला जा. बाथरूमच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता. ते ट्रॅपकडे न जाता साचलं तर उतार चुकला आहे. नाण्याने टाइल वाजवा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही.

गीझर आणि एसीला 4 चौरस मिलिमीटरची वायर, साध्या सॉकेटला 2.5 ची, हे कंपनीच्या नावासकट लिहून घ्या. ओट्याखालच्या प्लायवर आयएस 710 चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का आहे का, हे तो कापायच्या आधी बघा. भिंतीआड जाणाऱ्या पाइपांचे फोटो प्लास्टरआधी मोजायची टेप लावून काढा. आणि सोसायटीचं परवानगीपत्र हातात येईपर्यंत एकही हातोडा पडू देऊ नका.