मक्याच्या पोत्यात आधी हात घाला, मग नमुना काढा

परतीच्या पावसात सापडलेला मका आता भरडायला येऊ लागलाय. भाव पडलेला, दाणा दिसायला बरा, त्यामुळे गोठ्यासाठी सात-आठ पोती एकदम उचलायचा मोह होतो. उचला, पण पोतं सोडल्यावर कोपरापर्यंत हात आत घालून बघा. वरचा मका खडखडीत आणि मधला कोमट, दमट लागला तर आत बुरशी कामाला लागली आहे असं समजा, डोळ्यांना अजून काही दिसत नसलं तरी.

ओल बघायला यंत्र नसेल तर मीठ आहे. तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ दोन चमचे घ्या, काचेच्या कोरड्या बाटलीत टाका, बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतका मका घाला आणि दोन मिनिटं चांगली हलवा. दहा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेलं दिसलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. असा मका साठवायचा नाही. उन्हात 12-13 टक्क्यांपर्यंत उतरवायचा, मगच पोती शिवायची.

पण मीठ फक्त ओल सांगतं, विष सांगत नाही. आपल्याकडे मका, शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंडीत मुख्य भीती अफ्लाटॉक्सिनची. हिरवट-पिवळी अस्परजिलस बुरशी ते तयार करते. गंमत अशी की बुरशी उन्हाने मरते, चाळणीने झडते, पण विष दाण्यातच राहतं. म्हणून ‘दोन दिवस ऊन दाखवलं, आता चालेल’ हा हिशोब चुकतो. 1960 साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने. हे विष माणसाला कळलं तेच तिथून.

गाय मात्र अशी पटकन मरत नाही. ती कमी खाते, दूध थोडं उतरतं, शेण पातळ होतं आणि आपण हवामानाला दोष देतो. तेवढ्यात खाद्यातलं बी1 नावाचं अफ्लाटॉक्सिन तिच्या यकृतात एम1 या दुसऱ्या रूपात बदलून दुधात उतरलेलं असतं. पशुखाद्यात बी1 ची मर्यादा 20 पीपीबी आहे, म्हणजे टनामागे फक्त 20 मिलिग्रॅम. दुधात एम1 ची मर्यादा लिटरला साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. आता हिशोब करा. 12 लिटरची गाय 100 पीपीबीचं 5 किलो खाद्य खाते, म्हणजे 500 मायक्रोग्रॅम विष पोटात. त्यातलं 2 टक्के दुधात आलं तरी 10 मायक्रोग्रॅम, लिटरला 0.83. दूध नापास. उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी दूध पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 368 एम1 मध्ये मर्यादेबाहेर निघाले होते. पाणी आणि युरियाच्या भेसळीवर सगळे बोलतात, याच्यावर कोणी बोलत नाही.

तपासणीत सगळ्यात जास्त चूक प्रयोगशाळेत होत नाही, पोत्यापाशी होते. हे विष मिठासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका पोत्यात मूठभर दाणे विषारी आणि बाकीचे स्वच्छ, असं असतं. वरून एक ओंजळ भरून पाठवलीत तर ‘निर्दोष’ असा अहवाल येईल. काळा पडलेला गोळा तेवढा उचलून पाठवलात तर आकडा आभाळाला टेकेल. दोन्ही अहवालांचा उपयोग शून्य.

म्हणून प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून माल काढा. व्यापारी पोत्यात खुपसतो ती पन्हळीसारखी टोकदार नळी असेल तर उत्तम. सगळं मिळून तीन-चार किलो झालं की ते सगळं भरडून घ्या. आख्ख्या दाण्यांतून वाटे करू नका, विषारी दाणे एकाच वाट्यात जाण्याची शक्यता असते. भरडा कोऱ्या कागदावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला सारा. पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. किलोभर उरला की त्याचे दोन वाटे करा, एक प्रयोगशाळेला आणि एक स्वतःजवळ बंद करून फ्रीजमध्ये. व्यापाऱ्याशी वाद झाला तर तोच कामाला येतो. भरडा दमट असेल तर प्लॅस्टिकऐवजी कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवा, नाहीतर वाटेतच बुरशी वाढते. चिठ्ठीवर मालाचं नाव, तारीख, पोत्यांची संख्या लिहा आणि ‘अफ्लाटॉक्सिन बी1’ असं स्पष्ट मागा.

जागेवर दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्याही मिळतात. माझ्या मते दहा-बारा जनावरं असलेल्यांनी गटाने मिळून त्या ठेवायला हरकत नाही. फक्त मक्यासाठी बनवलेली पट्टी पेंडीवर वापरू नका, चुकीचं दाखवू शकते. निळ्या-जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली बुरशी लागलेला मका पिवळसर हिरवा चमकतो, ती चमकही विषाची नसते, बुरशीच्या दुसऱ्याच एका पदार्थाची असते. शंका घ्यायला पुरे, निर्णय घ्यायला नाही.

आकडा 20 च्या वर आला तर ते खाद्य दुभत्या, गाभण जनावरांना आणि वासरांना बंद. कोंबड्या-बदकांना तर चुकूनही नको, बदकं सगळ्यात आधी दगावतात. चांगल्या मालात मिसळून खपवायचा सल्ला कोणीतरी देईलच, ऐकू नका. बेंटोनाइट मातीसारखे विष शोषणारे पदार्थ अफ्लाटॉक्सिनवर बऱ्यापैकी चालतात, इतर बुरशीविषांवर फारसे नाही, आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच. असा माल हलवताना नाकातोंडाला फडकं बांधा.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. या दिवसांत दुपारी ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे पत्र्याच्या आतून पाणी गळतं आणि नेमकं वरच्या थराला लागतं. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर तीही आतून घामेजते.

संशयाचं खाद्य थांबवलं की दुधातला एम1 तीन-चार दिवसांत उतरतो. पाचव्या दिवशी आपल्या गोठ्याचं वेगळं दूध तपासून घ्या, संकलन केंद्रावरच्या मिसळीचं नको. तरीही आकडा दिसला तर विष फक्त मक्यात नव्हतं, पेंडीचं पोतं सोडून बघा.